अमेरिकेतल्या मुलाचं घर समजून घ्यायचंय? मग या नऊ कथा वाचा

नागपुरातल्या कितीतरी आई-बाबांच्या मोबाइलवर आता दोन घड्याळं असतात. एक इथलं आणि एक न्यू जर्सीचं, डलासचं किंवा सिएटलचं. फोन कधी करायचा, हे दुसरं घड्याळ ठरवतं. झुंपा लाहिरी यांच्या एका कथेत ढाक्याचे पीरजादा हेच करतात. १९७१ च्या युद्धात बायको आणि सात मुली तिकडे अडकल्या आहेत. हे अमेरिकेत जेवायला बसतात तेव्हा खिशातलं चांदीचं घड्याळ काढून ताटाजवळ ठेवतात. त्यात वेळ ढाक्याची असते.

ही कथा ज्या पुस्तकात आहे, ते ‘इंटरप्रिटर ऑफ मॅलडीज’ येऊन पंचवीसहून जास्त वर्षं झाली. तरीही माझ्या मते, ज्या घरातलं कुणी अमेरिकेत आहे, त्या घरानं ते आज वाचायला हवं. का, ते पाहू.

पुस्तक नेमकं काय आहे?

लाहिरींचा जन्म १९६७ चा, लंडनमधला. आई-वडील बंगाली, बालपण अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये. १९९९ मध्ये हे त्यांचं पहिलं पुस्तक आलं आणि २००० मध्ये त्याला पुलित्झर पुरस्कार मिळाला. एकूण नऊ कथा. सहा अमेरिकेत घडतात, तीन भारतात. पानं दोनशेच्या आसपास. एक कथा साधारण एका बैठकीत संपते, त्यामुळे मोबाइलवर वाचणाऱ्यालाही ती जड जात नाही.

त्यात आपलं काय आहे?

‘मिसेस सेन्स’ ही कथा घ्या. नवरा विद्यापीठात गणित शिकवतो. बायको घरी एका अमेरिकन मुलाला सांभाळते. भाजी चिरायला ती जमिनीवर बसते आणि भारतातून आणलेली विळी पुढ्यात घेते. विळी, म्हणजे आपल्याकडची पावशी. ताजा मासा आणि घरून आलेलं पत्र, एवढ्यावर तिचा दिवस चांगला जातो. नातेवाइकांचे आवाज भरलेली एक कॅसेट तिच्याजवळ आहे, ती पुन्हा पुन्हा ऐकते. कॅसेटच्या जागी आज व्हॉट्सॲपची व्हॉइस नोट आली, एवढाच फरक. गाडी चालवता येत नसल्यानं ती घरात अडकून पडते. ही अडचण तिकडे गेलेल्या अनेक सुनांना आणि सहा महिन्यांसाठी जाणाऱ्या सासू-सासऱ्यांना नव्यानं सांगायला नको.

पहिल्या कथेत बोस्टनमधल्या एका जोडप्याच्या घरची वीज दुरुस्तीसाठी पाच दिवस, रोज रात्री तासभर जाणार असते. अंधारात दोघं एकमेकांना आजवर न सांगितलेल्या गोष्टी सांगू लागतात. कोराडी आणि खापरखेड्याची वीजकेंद्रं शेजारी असूनही विदर्भानं लोडशेडिंग भोगलंय. वीज गेल्यावर घरातली माणसं अंगणात येऊन बोलू लागतात, हे आपल्याला माहीत आहे. कथेतलं बोलणं मात्र कुठल्या कुठे जातं.

व्हिडिओ कॉलवर आपल्याला स्वयंपाकघर दिसतं, नातू दिसतो, बाहेरचा बर्फही दिसतो. दिसत नाही ती कॉल बंद झाल्यानंतरची खोली. या कथा त्या खोलीत नेतात. पुस्तकाचं खरं मोल मला इथे वाटतं.

मग सगळं आजही लागू पडतं?

नाही. लाहिरींची बहुतेक माणसं शिकलेली, स्थिरावलेली बंगाली मंडळी आहेत. १९६५ च्या कायद्यानंतर अमेरिकेनं अशा शिकलेल्या स्थलांतरितांना दार उघडलं. शेवटच्या कथेचा नायक १९६९ मध्ये ग्रीन कार्ड मिळवूनच बोस्टनला उतरतो. माणूस चंद्रावर उतरला तो हा काळ. नायक १०३ वर्षांच्या घरमालकिणीकडे भाड्यानं राहतो, कॉर्नफ्लेक्स खाऊन दिवस काढतो आणि नंतर येणाऱ्या, जेमतेम ओळखीच्या बायकोसोबत संसार उभा करतो.

माझ्या इंजिनीअरिंगच्या बॅचमधल्या मुलांचं गणित वेगळं आहे. आधी शिक्षणाचं कर्ज, मग एच-१बीची लॉटरी. त्यात वर्षाला जागा ८५ हजार. त्यापुढे ग्रीन कार्डाची रांग, जी भारतीयांसाठी दशकांची आहे. नोकरी गेली तर साधारण ६० दिवसांत दुसरी शोधा, नाहीतर परतीची तयारी करा. ही धास्ती लाहिरींच्या पुस्तकात नाही. मागे राहिलेल्या आई-वडिलांची बाजूही त्यात फारशी येत नाही.

ती कथा कोण लिहिणार?

मराठीचं अमेरिकेशी नातं जुनं आहे. हेमिंग्वेचा म्हातारा कोळी पुलंनी ‘एका कोळियाने’मधून आणला. शांता शेळक्यांनी ‘चौघीजणी’ दिली. जी. ए. कुलकर्णींनी कॉनरॅड रिक्टरच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या. पहिलं विश्व मराठी साहित्य संमेलन २००९ मध्ये सॅन होजेला झालं आणि त्याचे अध्यक्ष होते नागपुरात जन्मलेले गंगाधर पानतावणे. म्हणजे मंचही होता आणि वाचकही आहे.

तरीही परदेशाबद्दल मराठीत आपल्या हाती जास्त येतं ते प्रवासवर्णन किंवा यशोगाथा. दोन्हींत माणूस पोहोचतो आणि गोष्ट संपते. कथा तर पोहोचल्यानंतर सुरू होते. व्हिसाच्या भीतीनं वडिलांच्या अंत्यविधीला येऊ न शकलेला मुलगा, प्रतापनगरातल्या तीन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये दोघंच उरलेले आई-बाबा, पंधरा वर्षांनी परत येऊन इथेही परकी ठरलेली मुलगी. ही माणसं आपल्या ओळखीची आहेत. वामन चोरघड्यांसारखा कथाकार ज्या शहराला लाभला, तिथं हा विषय रिकामा राहू नये. तिकडे बसून कोड लिहिणाऱ्या एखाद्या नागपूरकरानं रविवारी दोन पानं मराठीत लिहिली, तरी सुरुवात होईल.

सुरुवात कुठून करायची?

क्रमानं वाचायलाच हवं असं नाही. आधी ‘मिसेस सेन्स’, मग पीरजादांची कथा आणि त्यानंतर शेवटची ‘द थर्ड अँड फायनल कॉन्टिनेंट’ वाचा. इंग्रजी सोपं आहे, वाक्यं छोटी आहेत. वाचून झालं की पुस्तक तिकडच्या मुलालाही सुचवा. पुढच्या फोनवर हवा-पाणी आणि जेवणखाण विचारून झालं, की एकदा हेही विचारा, ‘यातलं तुझ्यासारखं कोण वाटलं रे?’ उत्तर यायला थोडा वेळ लागला तर लागू द्या.