नकार लेखी मागा

जूनमध्ये शाळा सुरू होतात आणि दिव्यांग मुलांच्या पालकांचे हेलपाटेही. मुख्याध्यापक कुणाला हाकलून देत नाहीत. बसायला खुर्ची देतात आणि म्हणतात, ‘आमच्याकडे विशेष शिक्षक नाहीत हो. तुमच्याच मुलाचे हाल होतील. दुसरीकडे बघा ना.’ आई उठते, पुढची शाळा गाठते. मूल नाकारल्याची नोंद कुठेही होत नाही. नोंदच नसेल तर दाद कशाच्या आधारावर मागायची? म्हणून या आठवड्यात पालकांना एकच सांगणं आहे: नकार लेखी मागा.

कायदा तुमच्या बाजूने आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचं कलम ३१ किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क देतं. जवळच्या शाळेत शिकायचं की विशेष शाळेत, ही निवडही त्याचीच. कलम १७ मध्ये लेखनिक, परीक्षेत वाढीव वेळ, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा थेट उल्लेख आहे. केवळ टक्केवारी ४० च्या खाली आहे म्हणून लेखनिक नाकारता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार खटल्यात सांगितलं.

पण न्यायालयापर्यंत पोचेतो वेळ निघून जाते. डिस्ग्राफिया (लेखन-अक्षमता) असलेल्या एका विद्यार्थिनीला ‘नीट’ परीक्षेत हक्काचा वाढीव तास मिळाला नाही. मुंबई उच्च न्यायालयातून तिचं प्रकरण दिल्लीला गेलं. तिच्यावर अन्याय झाला, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये मान्य केलं. फेरपरीक्षा मात्र मिळाली नाही. हक्काची लढाई शाळेतल्या पहिल्या अर्जापासून लढायची, ती यासाठी.

अर्जात ‘सहकार्य करावे ही विनंती’ एवढ्याने भागत नाही. पेपरला तासामागे २० मिनिटं वाढीव हवीत, पहिल्या बाकावर जागा हवी, प्रश्न वाचून दाखवणारं माणूस हवं, असं एकेक करून लिहा. खाली कलम घाला. दुसऱ्या प्रतीवर तारीख, शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नका. शाळेने ऐकलं नाही तर दिव्यांगांसाठीची जिल्हास्तरीय समिती आहे. पुण्यात राज्याचे दिव्यांग आयुक्तही आहेत. ही दारं उघडायला पोच असलेला कागदच लागतो.

रोजंदारी बुडवून शाळेत आलेल्या आईला हे सगळं एकटीने जमेल, अशी अपेक्षा ठेवणं अन्यायाचं आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार दिव्यांग व्यक्तीला वकील मोफत मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा नाही. ही गोष्ट गावोगाव पोचलेली नाही. प्रत्येक तालुका विधी सेवा समितीने जूनभर गटसाधन केंद्रात एक प्रशिक्षित स्वयंसेवक बसवावा. त्याने अर्ज लिहून द्यावा आणि गरज पडली तर आईसोबत शाळेत जावं.

शाळांची अडचण खोटी नाही. प्राथमिकला दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक आणि वरच्या वर्गांत पंधरांमागे एक विशेष शिक्षक, असं प्रमाण सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये सांगितलं. त्याप्रमाणे पदं भरण्याची जबाबदारी सरकारची आहे; ती पार पडत नसेल, तर त्याचा भुर्दंड मुलाने का सोसायचा? म्हणून मुख्याध्यापकांनाही विनंती आहे: शिक्षक नसतील तर तसं लेखी द्या. तालुक्यातून असे पन्नास कागद गेले तर रिक्त पदांचा पुरावा शासनाला स्वतःच्याच शाळांनी दिलेला असेल, आणि तो नाकारणं सोपं जाणार नाही.