तीन मिलिलिटरची भूतदया

संक्रांतीच्या सुमारास मांज्याने पंख कापलेला पारवा गच्चीत पडला, की घरातले कोणीतरी वाटीभर पाणी आणते आणि चोच उघडून आत ओतते. हेतू चांगलाच असतो. पण पक्ष्याच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच उघडते. अर्धमेल्या पक्ष्याला गिळण्याचे त्राण नसते, पाणी फुप्फुसात जाते आणि जखमेतून कदाचित वाचला असता तो पारवा आपल्या दयेने मरतो.

भूतदयेला हिशेबाचे वावडे का असावे? पारवा असतो सुमारे ३०० ग्रॅमचा. पक्ष्यात वजनाच्या साधारण दहावा हिस्सा रक्त धरतात. म्हणजे याची सारी पुंजी ३० मिलिलिटर! घरी करायचे ते इतकेच: स्वच्छ कापडाने जखम दाबून धरावी, पक्ष्याला उबदार, अंधाऱ्या खोक्यात ठेवावे आणि पशुवैद्याकडे न्यावे.

तिथे खरी परीक्षा सुरू होते. पक्ष्याच्या अंगाचे तापमान ४० ते ४२ अंश सेल्सिअस. म्हणून सलाईन कोमट लागते. खूप रक्त गेले की त्वचेकडचा रक्तपुरवठा आक्रसतो. त्वचेखाली टोचलेले सलाईन तिथेच साचून राहते. ते पंखाच्या शिरेतूनच द्यावे लागते. शीर सापडली नाही, तर कोपरापुढच्या किंवा नडगीच्या हाडात सुई घालतात. दंडाच्या आणि मांडीच्या हाडांत मात्र नाही. कारण ती पोकळ हाडे बऱ्याच पक्ष्यांत हवेच्या पिशव्यांना जोडलेली असतात. तिथे सोडलेले सलाईन पक्ष्याला आतून बुडवते. पहिली मात्रा किलोमागे १० मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे पारव्याला अवघी तीन, तीही सावकाश.

हे ज्ञान नवे नाही, महागही नाही. मग ते गावोगावच्या दवाखान्यांत का दिसू नये? बँकेत असताना मी गाई-म्हशींसाठी पुष्कळ कर्जे मंजूर केली. जनावराच्या कानात बिल्ला असे, विमा असे, डॉक्टरांचा दाखला असे. जनावर दगावले की कागद हलत, कारण त्यात कोणाचे तरी पैसे अडकलेले असत. पारवा, घार, घुबड कोणाच्याच खात्यावर नाहीत. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदासुद्धा काळजीचे कर्तव्य टाकतो ते प्राणी ज्याच्या ताब्यात असेल त्याच्यावर. बेवारशाचे काय? घटनेत १९७६ साली आलेले ५१-अ कलम प्राणिमात्रांविषयी दया हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य मानते. पण कलमाने शीर सापडत नाही.

माणसांच्या दवाखान्यांत औषधांची वानवा असताना ही चैन कशाला, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण ही जखम निसर्गाची नाही. आपण विकत घेतलेल्या दोऱ्याची आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली नायलॉन मांज्यावर देशभर बंदी घातली, तरी तो विकला जातोच. शिवाय या अपघाताची तारीख दरवर्षी पंचांगात छापून येते. त्या आठवड्यापुरती प्रत्येक तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात बारीक सुया, कोमट सलाईन आणि पक्ष्याची शीर शोधायला शिकलेला एक माणूस, एवढे ठेवणे सरकारला जड नाही. जड आहे ते एवढेच: ज्याचा मालक नाही, त्याच्यासाठी नोंदवहीत एक रकाना उघडणे.