‘आपोआप’ या शब्दाआड

‘घासणे’ हे सकर्मक क्रियापद आहे. त्याला कर्ता लागतो. ‘आपोआप स्वच्छ होते’ असे म्हटले की घासणारा वाक्यातून नाहीसा होतो. न्हाणीघरातील स्वयंचलित साधनांच्या जाहिराती याच वाक्यरचनेवर उभ्या आहेत.

फ्लशच्या टाकीत टाकायची क्लोरीनयुक्त वडी प्रत्येक वेळी थोडी विरघळते. परंतु तेच क्लोरीन टाकीतील रबरी झडप खराब करते आणि झडप गळू लागली की पाणी अखंड वाहत राहते. सेप्टिक टँकमधील उपयुक्त जिवाणूंनाही त्याची बाधा पोचू शकते. क्षारांचे पांढरे थर मात्र या वडीने निघत नाहीत. तेथे ब्रश आणि हातच लागतात.

दौंडकरांच्या दृष्टीने प्रश्न येथे संपत नाही. पुण्याचे सांडपाणी वाहणारी मुळा-मुठा रांजणगाव सांडस येथे भीमेस मिळते आणि भीमा दौंडवरून उजनीकडे जाते. वरच्या शहरात जे ‘नाहीसे’ झाले, ते खालच्या गावांत पोचलेले असते.

म्हणून स्वच्छतेविषयीच्या प्रत्येक विधानाला अभ्यासकाने दोन प्रश्न विचारावेत : स्वच्छ कोणी केले आणि घाण कोठे गेली? ‘आपोआप’ हे त्यांपैकी एकाचेही उत्तर नव्हे.