कॉम्प्युटरशी गप्पा : वंशावळीची फाईल आणि शून्य नंबरचे घर



गेल्या महिन्यात आमच्याकडे एक आजी आल्या. बरोबर शाळेत जाणारा नातू आणि त्याचा लॅपटॉप, आणि आजींच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत एक सीडी व एक पेन-ड्राइव्ह. आजी म्हणाल्या, "ह्यात आमच्या मालकांनी टाइप केलेली वंशावळ आहे. कोण कुठल्या गावचे, कोणाची सोयरीक कोणाकडे, कोण कुठल्या साली इकडे आलं, सगळं. ते गेले, मग त्यांचा कॉम्प्युटरही गेला. कागदावर काहीच नाही. आता हे उघडत नाही हो."

नातू म्हणाला, "क्लिक केलं की क्षणभर काहीतरी चमकतं, मग काहीच नाही."

आपल्यापैकी पुष्कळ घरांत अशी एखादी पिशवी असेल, म्हणून आम्ही काय काय केले ते सविस्तर सांगतो.

आजोबांनी हे काम २००३ साली विंडोज ९८ वर, एका मराठी टाइपिंगच्या प्रोग्राममध्ये केले होते. तो प्रोग्राम त्या सीडीवर आहे. नातवाच्या लॅपटॉपवर विंडोज १० होते. त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाला आणि पुढचे विंडोज त्या जुन्या लॅपटॉपवर चढेना, म्हणून मुलाने त्यावर लिनक्स घातले. आता विंडोजचा प्रोग्राम लिनक्सवर चालणार कसा? त्यासाठी 'वाइन' आहे. प्यायची नव्हे! ह्या नावाचे मोफत सॉफ्टवेअर १९९३ पासून बनत आले आहे. त्याची १.० आवृत्ती निघायला जून २००८ उजाडला. मुलांनो, तुमच्यापैकी जे स्टीम डेकवर खेळतात ते रोज हेच वापरतात. त्यातला 'प्रोटॉन' वाइनवरच उभा आहे.

वाइन म्हणजे दुभाषी. आपण ह्या देशात नवीन आलो तेव्हा ऑफिसात जाताना शाळेतल्या मुलाला बरोबर नेत होतो ना? आपण मराठीत बोलायचे, मुलाने हिब्रूत सांगायचे. वाइन तेच करते. प्रोग्राम विंडोजच्या बोलीत म्हणतो, "खिडकी उघड, फाईल वाच", आणि वाइन ते लिनक्सला समजेल असे सांगते. दुभाषी चांगला असला तरी एखादा शब्द अडतो. तिथेच प्रोग्राम बंद पडतो. त्यालाच क्रॅश म्हणतात. म्हणून क्रॅश झाला की "फाईल खराब झाली" म्हणून रडू नये. बहुतेक वेळा फाईल जशीच्या तशी असते, बोलणे अडलेले असते.

आमचा पहिला नियम : आधी फाईलची कॉपी करा, दोन ठिकाणी ठेवा, आणि काम कॉपीवरच करा. दुसरा नियम : एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. ही वही आम्ही आजींच्या हातात दिली. नातू बदल करी, आजी लिहून घेत.

मग प्रोग्राम आयकॉनवर क्लिक करून न उघडता टर्मिनलमधून, म्हणजे कमांड लिहायच्या काळ्या खिडकीतून सुरू केला. असे केले की वाइन काय अडले ते ओळीओळीने लिहून देते. त्यात 'फिक्समी' अशा ओळी खूप येतात, त्यांना घाबरू नका, बहुधा त्या निरुपद्रवी असतात. 'एर' ने सुरू होणारी पहिली ओळ शोधा. शेवटची ओळ म्हणजे पडल्याचा आवाज, पाय कुठे घसरला ते वर असते. आमच्याकडे लिहून आले की 'एमएफसी ४२' नावाची लायब्ररी सापडत नाही. जुन्या विंडोजच्या अनेक प्रोग्रामांना हा तुकडा लागतो आणि तो वाइनबरोबर येत नाही. 'वाइनट्रिक्स' नावाच्या मदतनीसाने तो बसवता येतो. असे तुकडे कुठल्याही अनोळखी जागेवरून उतरवू नका. वाइनमध्ये विंडोजचे व्हायरसही चालू शकतात, आणि तुमच्या सगळ्या फाईली त्यांना दिसतात!

हे आम्ही वेगळ्या 'प्रीफिक्स'मध्ये केले. प्रीफिक्स म्हणजे वाइनने मांडलेले एक लहानसे खोटे विंडोज, त्यात स्वतःचा सी-ड्राइव्ह असतो. प्रत्येक जुन्या प्रोग्रामला वेगळे बिऱ्हाड द्यावे. बिघडले तर तेवढे एक काढून पुन्हा मांडता येते, बाकीच्यांना धक्का नाही. वाइनच्या सेटिंगमध्ये ह्या प्रोग्रामपुरते विंडोज ९८ निवडले आणि सीडीवरचा मराठी फॉन्ट बसवला.

प्रोग्राम उघडला! फाईलही उघडली. पण मराठी अक्षरांच्या मधेमधे आलेफ, बेत, गिमेल. नातू हसायला लागला, "सावता, वंशावळीत हिब्रू कुठून आलं?"

त्याचे कारण असे. त्या काळच्या प्रोग्रामांत एका अक्षराला २५६ पैकी एक नंबर मिळे. पहिले १२८ इंग्रजीचे, वरचे १२८ ज्या त्या देशाचे. हिब्रू विंडोजमध्ये २२४ ते २५० ह्या नंबरांवर आलेफ ते ताव बसलेले. मराठी फॉन्ट बनवणाऱ्यांपैकी पुष्कळांनी पश्चिम युरोपच्या तक्त्यावर आपली अक्षरे बसवली होती. आमचा लॅपटॉप हिब्रू भाषेत चालणारा, म्हणून वाइनने हिब्रू तक्ता लावला. उपाय सोपा आहे. प्रोग्राम सुरू करताना भाषा अमेरिकन इंग्रजी आहे असे सांगायचे. ती भाषा लिनक्समध्ये आधी बसवलेली हवी. आम्ही तसे केले आणि पुन्हा डेस्कटॉपवरची फाईल उघडली.

धाडकन क्रॅश! ह्या वेळी निरोप होता की शून्य पत्त्यावर वाचायचा प्रयत्न झाला. बाळांनो, कॉम्प्युटरच्या मेमरीत प्रत्येक जागेला घरनंबर असतो. शून्य नंबरच्या घरात कोणी राहत नाही. प्रोग्रामला फाईल मिळाली नाही, हात रिकामा, आणि तसाच तो वाचायला गेला. पण फाईल का मिळाली नाही? पाच मिनिटांपूर्वी तर मिळाली होती.

आजींनी वही पुढे केली. "मघापासून एकच बदललंय, भाषा." अगदी बरोबर. लॅपटॉपवर 'डेस्कटॉप' ह्या फोल्डरचे नाव हिब्रूत होते. इंग्रजी तक्त्यात हिब्रू अक्षरेच नाहीत, म्हणून जुन्या प्रोग्रामला त्या नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे दिसली. फाईल त्या सी-ड्राइव्हमध्ये साध्या इंग्रजी नावाच्या फोल्डरात ठेवली, आणि पहिले पान उघडले. वही नसती तर आम्ही सगळे पुसून पुन्हा सुरुवात केली असती.

उघडले म्हणजे संपले नाही. प्रोग्राम आज चालला, उद्याची खात्री नाही. आधी सगळी पाने पीडीएफमध्ये छापून घेतली. ती साक्षीदार. मग मजकूर युनिकोडमध्ये बदलला. युनिकोडमध्ये मराठीच्या प्रत्येक अक्षराला जगभर एकच नंबर असतो, त्यामुळे मोबाईलवरही तो वाचता येतो. पण बदलताना चुका होतात. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर येते. रफारही जागा सोडतो. दिवेकरांची वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसलेली!

इथे नातवाचे काही चालेना. त्याला मराठी बोलता येते, वाचता येत नाही. आजी पीडीएफ पाहून एकेक नाव मोठ्याने वाचू लागल्या, पेणकर, रोहेकर, नवगावकर. नातू दुसऱ्या खिडकीत तेच नाव शोधी. एके ठिकाणी आजी थांबल्या. "हे माझ्या वडिलांचं. गाव बरोबर लिहिलंय त्यांनी." मग बराच वेळ कोणी बोलले नाही. नातवाने हळूच विचारले, "सावता, हे पहिलं अक्षर कोणतं?" त्या दुपारी तो पाच अक्षरे शिकून घरी गेला.

प्रत्येक वेळी यश येतेच असे नाही. काही जुन्या मराठी प्रोग्रामांना कॉम्प्युटरच्या मागे लावायची डोंगल नावाची किल्ली लागे. ती हरवली असेल, किंवा वाइनला ती ओळखता आली नाही, तर अडते. अशा वेळी एखादा जुना चालू कॉम्प्युटर शोधणे बरे. म्हणून घरात जुना कॉम्प्युटर पडून असेल तर टाकण्यापूर्वी विचारा.

ज्येष्ठ मंडळींनो, ह्या आठवड्यात कपाट उघडा, सीडी, फ्लॉपी, पेन-ड्राइव्ह बाहेर काढा आणि कशात काय आहे ते चिठ्ठीवर लिहून चिकटवा. मुलांनो, तुम्ही कॉपी करा आणि वही सांभाळा. नावे बरोबर आहेत की नाहीत हे ओळखणारी माणसे घरात आहेत तोवरच हे काम नीट होईल.

पुढील अंकात : मोबाईलवर मराठी कसे टाइप करावे. तोपर्यंत शालोम.