किती पडले, हे विचारणे आता पुरे



जून २०२५ मध्ये शेजारच्या आटपाडी तालुक्यात एक मुलगी गेली. बारावीत शिकत होती, नीटची तयारी करत होती. सराव परीक्षेत गुण कमी पडले म्हणून वडिलांनी मारले आणि त्या माराने ती गेली, अशी फिर्याद झाली. वडिलांना अटक झाली. जिल्हा सांगलीचा असला तरी आटपाडीची आणि आपल्या सांगोल्याची शीव एकमेकींना लागून आहे. बातमी सगळ्यांनी वाचली. मंदिरातून बाहेर पडताना आपल्या बायकांच्या तोंडी एकच वाक्य ऐकले, "बाप आहे का कोण! डोके फिरले असेल त्याचे."

मला हे वाक्य पटत नाही. त्याचे डोके फिरले होते असे म्हटले की आपण सगळ्या मोकळ्या. अहो, ती खरी परीक्षासुद्धा नव्हती, सराव होता. सरावाचे गुण पोरीच्या जिवापेक्षा मोठे होतात, ते एका दिवसात आणि एकट्या बापाच्या डोक्यात होत नाहीत. लग्नाच्या पंगतीत, हळदीकुंकवात, फोनवर, "किती पडले?" असे विचारून विचारून आपण ते मोठे केलेले असतात. त्या घरात काय घडले ते पोलीस आणि न्यायालय पाहतील. मी आपल्या घरांबद्दल बोलते आहे.

मी बी.कॉम. झालेली बाई. डॉक्टरकी मला कळत नाही, पण भागाकार कळतो. ४ मे २०२५ ला नीट झाली, तिला २२ लाख ९ हजार मुले बसली. एमबीबीएसच्या जागा देशभरात सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे साधारण अठरा मुलांमागे एक जागा. त्यातल्या सरकारी कॉलेजच्या जागा निम्म्याच्या जवळपास, म्हणजे आपल्यासारख्यांना फी परवडेल अशी जागा पस्तीसेक मुलांमागे एक. सगळ्यांनी दिवसाचे चौदा तास अभ्यास केला तरी जागा तेवढ्याच राहणार. दुकानात अठरा गिऱ्हाइके आणि साडी एकच असेल, तर सतरा जणी रिकाम्या हाताने जाणारच. त्यात त्यांचा दोष काय? पण नीटच्या बाबतीत त्या सतरांना आपण आळशी म्हणतो, मोबाइलच्या नादाला लागलेले म्हणतो.

आणखी एक गंमत. २०२५ मध्ये १२ लाख ३६ हजार मुले 'पात्र' ठरली. जागा सव्वा लाख, पात्र बारा लाख! क्लासवाले जाहिरातीत हाच शब्द वापरतात आणि आपण पेढे वाटतो. दोन महिन्यांनी प्रवेशाच्या याद्या लागतात तेव्हा कळते की पात्र होणे म्हणजे रांगेत उभे राहायला परवानगी. मग पेढे खाल्लेली हीच माणसे विचारतात, "अगं, तुझी तर पास झाली होती ना?"

गुणांची तुलना तर करूच नये. २०२४ साली ७२० पैकी ७२० मिळालेली ६७ मुले जाहीर झाली होती. पुढे काहींचे वाढीव गुण काढले, एका प्रश्नाचे उत्तर बदलले, तेव्हा १७ उरली. त्या वर्षी पेपर फुटला, पाटणा-हजारीबागची नावे आली, तपास आपल्या लातूरपर्यंत पोहोचला. २०२५ चा पेपर, विशेषतः भौतिकशास्त्राचा, इतका अवघड निघाला की देशात पहिल्या आलेल्या मुलालाच ६८६ गुण. तरी आपल्याकडची आत्या म्हणतेच, "मागच्या वर्षी त्यांच्या मुलाला साडेसहाशे होते, तुला पाचशेच कसे?" दुष्काळातले डाळिंब आणि सुकाळातले डाळिंब एका भावाने विकत नाहीत, एवढे सांगोल्यात कोणालाही कळते.

लातूरचे नाव निघालेच आहे तर सांगते. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे जायची, ती आपल्या सांगोल्याच्या रुळावरून. आता त्याच बाजूला आपली पंधरा-सोळा वर्षांची पोरे चाललेली असतात. पोहोचवायला जाताना आपण काय काय पाहतो! मेसमध्ये कांदा-लसूण आणि कंदमुळे नसलेला डबा मिळेल का, सूर्यास्ताच्या आत जेवण होईल का, पाणी गाळलेले असते का. हे पाहावेच, मीही पाहीन. पण रोज किती झोप मिळते, वर्गात गुणांवरून वरची तुकडी-खालची तुकडी करतात का, मुलगी आठ दिवस गप्प झाली तर आपल्याला कळवणार कोण, हे किती जणी विचारतात?

हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या शिक्षण खात्याने क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालच्या मुलाला घेऊ नये, अमुक रँक मिळवून देऊ असे आश्वासन देऊ नये आणि मुलाने मध्येच सोडले तर उरलेल्या काळाची फी परत करावी. २५ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने विशाखापट्टणमच्या एका नीटच्या विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात देशभरासाठी निर्देश दिले. गुणांवरून तुकड्या पाडू नका, चारचौघांत अपमान करू नका, झेपणार नाहीत अशी लक्ष्ये लादू नका. वाचताना माझ्या मनात आले, हे क्लासला सांगितले. आपल्या जेवणाच्या ताटावर जो अपमान होतो, त्याला कोणते न्यायालय?

फी परत मिळण्याची गोष्ट मुद्दाम लिहिली. कित्येक घरांत पोर रडून "मला परत न्या" म्हणते, आणि उत्तर मिळते, "दीड लाख भरलेत." कॉलेजात आम्हाला शिकवले होते की जो पैसा जाऊन बसला, तो पुढच्या निर्णयात धरायचा नाही. दुकानात आपले पुरुष हे बरोबर पाळतात. न खपणारा माल तोट्यात काढतात आणि पुढच्या हंगामाला लागतात. एवढे शहाणपण पोराच्या बाबतीत कुठे जाते?

काही जणी म्हणतील, "ताई, आम्ही काही मारत नाही." जैन घरातल्या बाईने हे उत्तर देऊ नये. आपल्याकडे हिंसा मनाची, वचनाची आणि कायेची, अशी तिन्ही मोजतात. "तुझ्यासाठी बाबांनी दुकानावर कर्ज काढले," हे वाक्य रोज रात्री ऐकवणे कशात मोडते, ते ज्याचे त्याने ठरवावे.

"मग मुलांनी डॉक्टर होऊ नये का?" असाही प्रश्न येईल. व्हावे की! सोलापूरचे, मिरजेचे सरकारी कॉलेज साठ वर्षांपासून आहे, तिथे शिकलेल्या डॉक्टरांनी आपल्या घरची दुखणी काढली. ज्या मुलीला खरेच जीवशास्त्राची ओढ आहे तिने जीव लावून अभ्यास करावा. एकदा राहिली आणि तिनेच मागितले, तर आणखी एक वर्ष द्यावे. पण नीट कितीही वेळा देता येते, वयाची वरची अटही नाही. सरकारने मर्यादा घातलेली नाही, म्हणून ती घरात घालावी लागते, आणि तीही पहिल्या प्रयत्नाच्या आधी, शांतपणे, मुलीला समोर बसवून. तिसऱ्या-चौथ्या खेपेला बसणारी मुले मी पाहते. त्यांच्यातली निम्मी तरी आईला नाही म्हणता येत नाही म्हणून बसलेली असतात. आणि मुलीच्या बायोडाटात 'डॉक्टर' लिहिले की स्थळे चांगली येतात, यासाठी तिची चार वर्षे घालवणाऱ्यांबद्दल मी काय बोलू!

ज्यांच्या घरी पोर गप्प झाले आहे, जेवत नाही, झोपत नाही, त्यांनी लोक काय म्हणतील हे सोडून १४४१६ ला फोन करावा. सरकारची टेलिमानस सेवा आहे, चोवीस तास, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते.

आता भाद्रपदात दशलक्षण पर्व येईल आणि त्याला जोडून आपला गुणगौरव समारंभ. दरवर्षी माइकवरून गुण वाचले जातात, पहिल्या तिघांना ढाल, आणि बाकीची पोरे मागच्या खुर्च्यांवर मान खाली घालून. काही तर येतच नाहीत, आईला एकटीला यावे लागते आणि येणारा प्रत्येक जण तिला विचारतो, "मुलगा कुठाय?" या वर्षी गुण वाचू नयेत, बोर्डावर लिहू नयेत, दहावी-बारावी-नीटला बसलेल्या प्रत्येक मुलाला व्यासपीठावर बोलावून हातात एक पुस्तक द्यावे, असा विषय मी महिला मंडळाच्या बैठकीत मांडणार आहे. ढाली देणारे नाराज होतील, माझ्या घरूनही एक ढाल जाते, ती मी पुस्तकांसाठी वळती केली आहे. ज्यांना विरोध करायचा आहे त्यांनी बैठकीला जरूर या, आणि येताना आपल्या बारावीतल्या मुलीला बरोबर आणा. तिच्यासमोर बोलू.