वेंधळेपणा की अवधानाचा विकार?



येवल्याहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. नाव छापू नका, असं तिनं शेवटी दोनदा लिहिलंय. ती एका कार्यालयात आवक-जावकचं टेबल सांभाळते. नोकरीला अकरा वर्षं झाली, पण गेल्या वर्षात दोन मेमो मिळाले. एकदा महत्त्वाचं टपाल नोंद न होताच फायलीखाली राहून गेलं, एकदा उत्तराची मुदत टळली. ती लिहिते, ‘मी कामचुकार नाही हो. संध्याकाळी सगळ्यांच्या मागून निघते. पण एक काम हातात घेतलं की दुसरं आठवतं, आणि दुसऱ्याकडे वळले की पहिलं विसरतं. घरी मी वेंधळी, ऑफिसात बेफिकीर. परवा मुलाला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी अवधानाचा विकार म्हणून जी लक्षणं सांगितली, ती तर लहानपणापासून माझीच! आता राजीनामा द्यावा का?’

नको, बाई. राजीनामा आत्ता मुळीच नको. आधी हे प्रकरण काय आहे ते समजून घेऊ या.

डॉक्टर मंडळी याला एडीएचडी म्हणतात. हा काही नव्या जमान्याचा रोग नाही. १९०२ साली लंडनमध्ये डॉ. जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांचं वर्णन व्याख्यानांतून केलं होतं. पुष्कळ वर्षं समज असा होता, की हा खोडकर मुलांचा आजार आहे आणि मोठेपणी आपोआप जातो. आता कळतं, की बऱ्याच जणांत तो मोठेपणीही उरतो, आणि तो घराण्यात उतरतो. म्हणूनच मुलाचं निदान होताना आईला स्वतःची ओळख पटणं ही डॉक्टरांच्या दृष्टीनं नवलाची गोष्ट नाही.

मुलींच्या बाबतीत तो ध्यानात का येत नाही? तर वर्गात बाकावरून उड्या मारणारा मुलगा गुरुजींना लगेच दिसतो; खिडकीबाहेर बघत गप्प बसलेली मुलगी कुणाला त्रास देत नाही. ती ‘हुशार आहे पण लक्ष नाही’ एवढ्या शेऱ्यावर पुढच्या वर्गात जाते. मग लग्न, मुलं, नोकरी असा पसारा वाढला, की तिची तारांबळ उघडी पडते.

विसरतं तर सगळ्यांनाच, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. गॅसवर दूध ठेवून विसरली म्हणून कुणी आजारी ठरत नाही. डॉक्टर पाहतात ते असं : त्रास बारा वर्षांच्या आतच सुरू झाला होता का, घर आणि कचेरी दोन्हीकडे होतो का, निदान सहा महिने सतत आहे का, आणि त्यानं कामाचं खरोखर नुकसान होतं का. चाळिशीत अचानक विसरायला लागलं असेल, तर कारण बहुधा दुसरंच असतं. थायरॉइड, अंगात रक्त कमी, अपुरी झोप, मनाची उदासी किंवा पाळी जाण्याचा काळ, यांतलं काहीही लक्ष उडवू शकतं. म्हणून पुस्तक वाचून स्वतःच शिक्का मारून घेऊ नका, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. कुणाकडे जावं कळत नसेल, तर सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही सेवा २०२२ साली सुरू झाली. ती मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. जाताना जुनी प्रगतिपुस्तकं असतील तर बरोबर न्या. त्यांतले शेरे डॉक्टरांना फार उपयोगी पडतात.

औषधं आहेत. मिथिलफेनिडेट, अॅटोमोक्सेटिन ही त्यांतली दोन. बऱ्याच जणींना त्यांचा गुण येतो. पण ती रक्तदाब आणि हृदय तपासून, तज्ज्ञांच्या चिठ्ठीवरच घ्यायची असतात. मुलाच्या गोळीतली अर्धी आपण घेऊन बघणं, हा प्रकार चुकूनही करू नका. दिवस गेलेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर ते आधी सांगा.

आता कचेरीतलं. पत्र येवल्याचं आहे, म्हणून पैठणीचंच उदाहरण देते. पदरावर मोर विणायचा, तर प्रत्येक रंगाची वेगळी कांडी आणि ताण्याचे धागे मोजून काम. विणकर हे सगळं ‘लक्षात ठेवतो’ का? नाही. नक्षीचा कागद त्याच्यासमोर असतो, कांड्या आपापल्या जागी असतात, आणि भरगच्च पदर ओळीओळीनं महिनेच्या महिने पुढे सरकतो. आपल्या या भगिनीलाही हेच करायचं आहे : जे डोक्यात राहत नाही, ते डोळ्यांसमोर मांडायचं. नुसत्या निश्चयानं हे होत नाही, मांडणीनं होतं.

१. एकच वही ठेवा. चिठोऱ्या, तळहात, कॅलेंडरचा कोपरा सगळं बंद. साहेब तोंडी काम सांगतील, ते त्यांच्यासमोरच वहीत लिहा आणि वाचून दाखवा : ‘गुरुवारी बारापर्यंत, दोन प्रती, बरोबर ना, सर?’

२. टपाल हातात आलं की आधी शिक्का आणि आवक क्रमांक, मगच ते हातातून सोडायचं. ‘नंतर नोंदवते’ असा वेगळा गठ्ठा टेबलावर ठेवूच नका.

३. नोंदवहीतल्या चालू ओळीवर फूटपट्टी ठेवा. खिडकीशी कुणी आलं, तर ‘एवढी ओळ संपवते हं’ म्हणा. अगदीच उठावं लागलं, तर पट्टी तिथंच राहू द्या. परत आल्यावर शोधावं लागत नाही.

४. वेळेचा अंदाज अशांना हमखास चुकतो. अर्धा तास वाटला तर पाऊण तास धरा. मोबाइलचा गजर वीस मिनिटांचा लावा आणि फोन पालथा ठेवा. गजर झाला की उठून पाणी प्या, फाईल स्वतः नेऊन द्या. पाय मोकळे झाले की मन पुन्हा बसतं.

५. आकडे आणि तारखा लिहिल्या लिहिल्या तपासू नका; चूक दिसतच नाही. थोड्या वेळानं पाहा, किंवा शेजारच्या टेबलावरचीशी अदलाबदल करा. तिचं तुम्ही तपासा, तुमचं ती.

६. निघण्याआधी दहा मिनिटं राखून ठेवा. उद्याचं पहिलं काम चिठ्ठीवर लिहून टेबलाच्या मधोमध ठेवा.

साहेबांना आजाराचं नाव सांगावं का? ते तुमच्या इच्छेवर आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं उपचारांची गुप्तता हा रुग्णाचा हक्क मानला आहे. डॉक्टर परस्पर कचेरीत कळवू शकत नाहीत. मात्र २०१६च्या दिव्यांग कायद्यात जे २१ प्रकार दिले आहेत, त्यांत या विकाराचं वेगळं नाव नाही. तेव्हा सवलत हक्कानं मिळेलच असं धरून चालू नका. नाव न घेताही मागण्यासारखं पुष्कळ आहे. ‘सर, सूचना लेखी मिळाल्या तर चूक होणार नाही,’ किंवा ‘माझी खुर्ची दाराकडे पाठ करून ठेवू का?’ यात कामाचाच फायदा असल्यामुळे सहसा कुणी नाही म्हणत नाही.

आणि घर? किल्ल्यांना दाराशी एक खिळा. पर्स, चष्मा, ओळखपत्र रात्रीच एका जागी. पण ‘आईनं सगळं लक्षात ठेवायचं’ हा घरोघरचा नियमच मुळात बदलायला हवा. विजेचं बिल, शाळेची फी, गॅसचा नंबर यांतली दोन कामं यजमानांनी कायमची घ्यावीत. ‘मदत’ म्हणून नव्हे, तर आठवण करून द्यावी लागू नये अशी. सासूबाईंनाही शांतपणे सांगा, की नातवाला जे डॉक्टरांनी सांगितलंय तेच सुनेलाही असू शकतं. नातवावर रागवू नये हे त्यांना पटलं असेल, तर उरलेलंही पटेल. आणि एक : पोराला औषध, आपल्याला मात्र बोलणी, हा हिशेब तुम्हीही स्वतःशी मांडू नका.

हे सगळे उपाय सोमवारपासून एकदम सुरू करू नका. चार दिवसांत सगळेच सुटतील आणि पुन्हा स्वतःलाच बोल लावाल. पहिल्या आठवड्यात फक्त वही. ती अंगवळणी पडली की फूटपट्टी. आणि डॉक्टरांची वेळ मात्र आजच घ्या, अन् वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.