अर्थ न बदलता?

शालेय मराठीच्या प्रश्नपत्रिकांत एक सूचना पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून बसली आहे: 'अर्थ न बदलता उद्गारार्थी वाक्य विधानार्थी करा.' मुलाने 'किती पाऊस हा!' याचे 'हा पाऊस फार आहे' असे केले, की गुण पदरात पडले. आमचा आक्षेप या सूचनेच्या पहिल्या तीन शब्दांवर आहे. अर्थ बदलतो, आणि तो बदलतो हेच मुलाला शिकवावयाचे असते.

इंदापूर तालुक्यातील निमगाव केतकीचेच उदाहरण घ्या. अवर्षणानंतर तेथील पानमळ्याच्या बांधावरून शेतकरी 'किती पाऊस हा!' म्हणेल तो हर्षाने. बाजारास निघालेल्या पानांच्या डागा भिजू लागल्या म्हणजे तेच शब्द तो कपाळावर हात मारून उच्चारील. परीक्षकाच्या विधानार्थी वाक्यात ना तो हर्ष, ना तो त्रागा. याच गावातून तुकोबांची पालखी पंढरीस जाते. दारातला वारकरी 'माउली, पाणी मिळेल का?' असे विचारतो, तेव्हा घरची बाई 'हो, मिळेल' असे उत्तर देऊन स्वस्थ बसत नाही. तांब्या भरून आणते. तिला वाक्य कळले. तिच्या मुलाला मात्र शाळेत शिकवितात की, शेवटी प्रश्नचिन्ह आहे, सबब हे प्रश्नार्थी. पुढे विचार नको!

वस्तुतः ही चिन्हे मराठीत आली इंग्रजीच्या अनुकरणाने, एकोणिसाव्या शतकातील छापखान्यांबरोबर. मोडी कागदांत ती नव्हती. म्हणून काय मराठी माणूस तोवर प्रश्न विचारीत नव्हता? 'का', 'काय', 'ना', क्रियापदाचे रूप आणि आवाजाचा चढउतार यांवर त्याचे उत्तम भागत होते.

कोणी म्हणेल, मुलांना आधी साचे तर कळू द्या. अवश्य. दादोबा पांडुरंगांनी 1836 साली आणि मोरो केशव दामल्यांनी 1911 साली व्याकरणे सिद्ध केली, ती व्यर्थ नव्हेत. उलट आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ हे भेद व्याकरण क्रियापदाच्या रूपावरून आणि त्यातून निघणाऱ्या आशयावरून करते. 'मुलांनी वेळेवर यावे' याच्या शेवटी पूर्णविराम आहे, म्हणून ती नुसती माहिती ठरत नाही. दोष शास्त्राचा नव्हे, त्याची गुटिका करून पाजणाऱ्यांचा आहे.

हा वाद केवळ चार गुणांचा असता, तर आम्ही लेखणी उचलली नसती. परंतु हीच मुले उद्या जाहिराती वाचणार, भाषणे ऐकणार. 'आपल्या पाल्याच्या भवितव्याची आपणांस काळजी आहे ना?' असे शिकवणीवर्गाचा फलक विचारतो, तो उत्तराच्या अपेक्षेने नव्हे. ज्याला चिन्हापलीकडे पाहण्याची सवयच लाविली नाही, तो या प्रश्नाला 'हो' म्हणेल आणि शुल्क भरून मोकळा होईल.

उपाय बिनखर्ची आहे. प्रत्येक वाक्याविषयी मुलाला दोन गोष्टी विचाराव्या: याचे रूप कोणते, आणि बोलणारा यातून काय साधू पाहतो? आणि परीक्षेतील ती सूचना अशी लिहावी: 'वाक्याचा प्रकार बदला, आणि अर्थात काय फरक पडला ते सांगा.'